ही रेघ पोऱ्याची नाही: सरकारी एचआयव्ही चाचणी केंद्राचा आमचा दोन वर्षांचा अनुभव

सेवा: जळगाव जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयातलं एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. तिथे सगळे त्याला 'आयसीटीसी' म्हणतात. खर्च: एक पैसा नाही. माझे गुण: पाचपैकी साडेचार. कापलेला अर्धा गुण बाहेरच्या बाकड्याचा, त्याचं पुढे सांगतो.

हे सूनबाईला विचारून लिहितो आहे. तिने सगळं वाचलं आणि दोन वाक्यं खोडली, ती खोडलेलीच ठेवली आहेत. आमचं गाव बोरी नदीच्या काठचं, एवढंच सांगतो. रुग्णालय कुठलं तेही लिहीत नाही, कारण तिथे रांगेत बसणाऱ्या बायामाणसांना उद्या कोणी विचारायला नको, तुम्ही त्याच दरवाजाशी बसला होता का म्हणून.

मी एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. पाचवी ते आठवीला शास्त्र शिकवलं. निवृत्त झालो तरी गावात गुरुजीच. मुलगा सुरतेला कापडाच्या गिरणीत होता, सून आमच्याजवळ. ती गरोदर राहिली तेव्हा सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं. नोंदणीच्या वेळी हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट यांच्याबरोबर एचआयव्हीचीही तपासणी होते. आधी विचारतात, समजावतात, मग रक्त घेतात. पहिल्या किटवर काही दिसलं म्हणून लगेच कोणाला काही बोलत नाहीत. वेगवेगळ्या बनावटीच्या तीन किटवर तपासतात, तिन्ही जुळले तरच निकाल देतात. सूनबाईचे तिन्ही जुळले.

समुपदेशक ताईंनी तिला आत घेतलं आणि दार लावलं. मी बाहेर पाऊण तास बसून होतो. आत रडण्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही, मग ताईंचा बोलण्याचा संथ आवाज. नंतर सूनबाईनेच सांगितलं, बाबांना आत बोलवा. तिने हो म्हटल्याशिवाय ताईंनी मला एक अक्षर सांगितलं नसतं. हे त्यांनी मला नंतर तोंडावर सांगितलं, आणि मला ते फार आवडलं. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, 2018 च्या सप्टेंबरात तो लागू झाला. माणसाच्या संमतीशिवाय तपासायचं नाही आणि त्याची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, असं त्यात आहे. या खोलीत तो कायदा मी पाळलेला पाहिला.

मुलाला सुरतेहून बोलावलं. त्याचीही तपासणी तशीच आली. मग घरात जे व्हायचं ते झालं. कोणाकडून कोणाला आलं यावर एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी ताईंनी आम्हा चौघांना एकत्र बसवलं आणि म्हणाल्या, "या प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी गोळी तीच आहे आणि बाळ तेच आहे." त्यानंतर आमच्या घरात तो विषय कोणी काढला नाही. त्याच आठवड्यात एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, गोळ्या सुरू झाल्या. रोज एक गोळी, तिच्यात तीन औषधं. देशात ही औषधं 2004 च्या एप्रिलपासून सरकारतर्फे फुकट मिळतात. आमच्या गावात त्याआधी गेलेले दोघे जण मला आठवतात. त्यांच्या घरच्यांनी शेत विकलं होतं.

ताईंनी आकडा लपवला नाही. काहीच उपचार केले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात पंधरा ते पंचेचाळीस. गोळ्या नीट घेतल्या, बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला औषध दिलं, तर ती पाचाच्याही खाली येते. सूनबाईने भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज रात्री गोळी घेतल्यावर टिंब काढायला सुरुवात केली. एकही चौकोन रिकामा नाही, मी स्वतः मोजले आहेत.

सगळ्यात अवघड गेली ती बाळाच्या आजीची समजूत. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं काहीही नाही, पाणीसुद्धा नाही. बाळगुटी नाही, मध नाही. आमच्याकडे पाचवीच्या आधीपासून गुटीचा दगड धुऊन ठेवलेला असतो. आजी म्हणाली, आईच्या दुधात रोग, तर गाईचं दूध द्या ना. प्रश्न चुकीचा नव्हता. ताईंनी तिला समजावलं की गोळ्या चालू असलेल्या आईचं निव्वळ दूध बाळाला मानवतं. पण थोडं आईचं, थोडं वरचं असं मिसळलं की बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते आणि त्यातून विषाणूला वाट मिळते. आजीने त्यांच्यासमोर मान हलवली. घरी आल्यावर वेखंड, जायफळ, मुरुडशेंग सगळं एका पुरचुंडीत बांधून वरच्या फळीवर ठेवलं आणि सहा महिने तिकडे पाहिलं नाही. तिचे डोळे भरायचे, पण हात गेला नाही.

नातू झाला. सहा आठवडे रोज त्याच्या तोंडात नेव्हिरापिनचं औषध मोजून घालायचं, सिरिंजने. सहा आठवडे झाल्यावर केंद्रात त्याची टाच टोचली. जाड कागदाचं एक कार्ड असतं, त्यावर पाच गोल छापलेले. प्रत्येक गोलात रक्ताचा एक थेंब. ते कार्ड वाळवायचं, उन्हात नाही, पंख्याखाली नाही, सावलीत तसंच, आणि मग पाकिटात घालून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथे त्या वाळलेल्या रक्तात विषाणूचा अंशच शोधतात. आमचा निकाल यायला महिन्याच्या वर गेला. निगेटिव्ह. ताईंनी तेव्हाच बजावलं होतं की ही पहिली पायरी, शेवटचा दाखला अठरा महिन्यांनी. बजावलं होतं, आम्हीही ऐकलं होतं. पण त्या आनंदात नीट धरलं नाही.

आणि मग पाचव्या महिन्यात ते घडलं, ज्याच्यामुळे हा मजकूर लिहायला बसलो.

बाळाला ताप आला. सूनबाई माहेरी होती, धुळ्याकडे. तिच्या भावाने बाळाला एका खासगी डॉक्टरांकडे नेलं, तिथून चिठ्ठी घेऊन एका खासगी लॅबमध्ये. इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही झाली. आईला विचारलं नाही, काही समजावलं नाही. संध्याकाळी खिडकीतून भावाच्या हातात कागद दिला. बाळाचं नाव, वय पाच महिने, आणि समोर लाल शाईत 'पॉझिटिव्ह'. कोणी एक वाक्य पुढे बोललं नाही. मला रात्री साडेनऊला फोन आला. सूनबाईचा आवाजच फुटत नव्हता. तिने इतकंच विचारलं, "बाबा, मी दूध पाजलं म्हणून झालं का?"

मी शास्त्राचा शिक्षक, पण त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. ती लाज अजून आहे.

सकाळच्या पहिल्या एसटीने ती तिकडून निघाली, मी इकडून. केंद्र उघडायच्या आधी आम्ही दारात. ताई आल्या, त्यांनी कागद पाहिला, बाळाचं कार्ड काढलं, आणि सूनबाईशेजारी येऊन बसल्या. टेबलाच्या पलीकडे नाही, शेजारी. त्या मूळच्या आमच्याच भागातल्या. प्रमाण मराठी सोडून त्या अहिराणीत म्हणाल्या, "माय, आते घाबरानं काम नही. हाई रेघ तुनी से, पोऱ्यानी नही."

ही रेघ तुझी आहे, पोऱ्याची नाही. या एका वाक्यात जे आहे ते मी तुम्हाला सावकाश सांगतो. कारण असा कागद हातात घेऊन आजही कोणीतरी कुठल्यातरी बसस्थानकावर बसलेलं असेल.

बोटातलं रक्त घेऊन वीस-तीस मिनिटांत सांगणारी जी तपासणी असते ती विषाणू शोधत नाही. ती शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते, म्हणजे अँटिबॉडी. पट्टीवर विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा आधीच चिकटवलेला असतो. रक्तात त्याच्याशी जुळणारं प्रतिपिंड असलं की ते तिथे अडकतं आणि रंगीत रेघ उमटते. दुसरी रेघ पट्टी नीट चालते आहे एवढंच सांगते. आता गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, आई आपली प्रतिपिंडं वारेतून बाळाला देते. गोवराची, धनुर्वाताची, सगळ्यांची. बाळाचं स्वतःचं कोठार भरेपर्यंतची ती शिदोरी. आई देताना निवडत नाही. तिच्या रक्तात एचआयव्हीची प्रतिपिंडं असतील तर तीही त्या शिदोरीत बांधली जातात. विषाणू गेला नसला तरी प्रतिपिंडं जातातच. तीन-चार आठवड्यांत निम्मी, पुढच्या तीन-चार आठवड्यांत त्याच्या निम्मी, अशी ती झिजत जातात. पण पट्टी फार तिखट असते, थोडीशी उरली तरी पकडते. म्हणून अठरा महिन्यांच्या आतल्या बाळाची नुसती पट्टीची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्याचा अर्थ आईला लागण आहे इतकाच. बाळाचं कळायला ते पाच गोलांचं कार्डच लागतं. आमच्या बाळाचं कार्ड निगेटिव्ह होतं. खात्रीसाठी ताईंनी त्या दिवशी पुन्हा कार्ड भरून पाठवलं. तेही निगेटिव्ह आलं.

हे समजावायला त्यांनी सव्वा तास दिला. बाहेर रांग वाढत होती. मधे त्या एकदा उठून रांगेला सांगून आल्या की थोडं थांबा, आणि परत येऊन तेच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सूनबाईने तीनदा विचारलं, त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदाही आवाज तोच. मला माझे वर्ग आठवले, जिथे तिसऱ्यांदा विचारणाऱ्या पोराला मी खाली बसवायचो.

दुसरी गोष्ट माझ्या फळ्याची. मी दरवर्षी लिहायचो: रोगजंतू आत शिरतो, शरीर प्रतिपिंडं बनवतं, प्रतिपिंडं रोगजंतूला हरवतात. देवी, गोवर, कावीळ, सगळीकडे हेच. म्हणून मी ताईंना विचारलं, सूनबाईच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर आहेत, तर मग विषाणू मरत का नाही? ताई म्हणाल्या, "गुरुजी, हे मला जेवढं येतं तेवढं सांगते, बाकी एआरटीच्या डॉक्टरांना विचारा." माहीत नसलेल्या गोष्टीला त्यांनी माहीत असल्यासारखं उत्तर दिलं नाही, याचेही गुण मी वेगळे धरले आहेत.

एआरटी केंद्रातले डॉक्टर तरुण होते. दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून ते माझ्याशी बोलले, आणि पुढे वाचायला काय शोधायचं तेही लिहून दिलं. मला जे समजलं ते असं. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना फार चुका करतो, आणि त्या चुकाच त्याच्या कामी येतात. शरीर एका रूपाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, तोवर त्याचं रूप बदललेलं असतं. रुग्णाच्या आजच्या रक्तातली प्रतिपिंडं काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला छान अडवतात, आजच्याला नाही. शिवाय त्याच्या अंगावर प्रतिपिंडांना धरायला जे खुंट असतात, ते एका कणावर जेमतेम चौदाच्या आसपास. आणि त्या खुंटांवर साखरेच्या साखळ्यांचं दाट पांघरूण असतं. ती साखर आपल्याच पेशींनी बनवलेली असते. चोर घरात शिरला आणि आपलीच गोधडी पांघरून घरच्या माणसांत निजला, तर अंधारात कोण ओळखणार? त्यावर कहर म्हणजे तो ज्या पेशीत घुसतो ती सीडी4 पेशीच मुळात प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना हुकूम देणारी. म्हणून बहुतेकांच्या रक्तातली एचआयव्हीची प्रतिपिंडं साक्षीदार असतात, राखणदार नसतात. चोर आला होता हे ती खरं सांगतात, अडवत नाहीत. पण तपासणी उभी आहे ती याच साक्षीवर. अमेरिकेत 1985 साली पहिली एलायझा चाचणी आली तीही हीच साक्ष घेणारी. 1986 साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातली पहिली लागण शोधली, तीही अशाच तपासणीने.

साक्षीदार उशिरा पोचतो, हेही यातूनच आलं. लागण झाल्याबरोबर प्रतिपिंडं तयार होत नाहीत, काही आठवडे जातात. त्या काळात पट्टी निगेटिव्ह दाखवते आणि माणूस मात्र दुसऱ्याला लागण देऊ शकतो. म्हणून केंद्रात तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. जे जवान पोरं एकदा जाऊन निगेटिव्हचा कागद खिशात घालून मोकळे होतात, त्यांनी हे नीट वाचावं.

मग राखणदार प्रतिपिंडं नसतातच का? असतात, आणि इथे मला जे वाचायला मिळालं त्याने रात्री झोप लागली नाही. लागण होऊन दोन-चार वर्षं झालेल्या काही थोड्या लोकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं सापडतात, जी एका रूपाला नाही, जगभरातल्या नाना रूपांना अडवतात. विषाणूला जे बदलणं परवडत नाही, नेमक्या त्याच जागेला ती धरतात. अमेरिकेत 2010 साली सापडलेलं व्हीआरसी01 हे त्यातलं एक. सीडी4 पेशीला चिकटण्याची विषाणूची जी जागा, तिथेच ते बसतं. प्रयोगशाळेत तपासलेल्या विषाणूंपैकी सुमारे नव्वद टक्क्यांना ते अडवतं. मग ते निरोगी माणसांना सलाईनमधून देऊन पाहिलं, साडेचार हजारांहून जास्त लोकांना घेऊन. 2021 साली निकाल आला. एकंदरीत लागण थांबली नाही. पण त्या प्रतिपिंडाला जे विषाणू सहज बळी पडतात, त्यांच्यापुरतं पाहिलं तर पंचाहत्तर टक्के संरक्षण मिळालं. म्हणजे मार्ग बरोबर, एकट्याच्याने होत नाही. दोन-तीन प्रतिपिंडं मिळून द्यायचे प्रयोग आता चालू आहेत. आईच्या दुधातून लागण होऊ नये म्हणून नवजात बाळांना असं प्रतिपिंड टोचूनही पाहिलं आहे, आणि बाळांना ते सोसलं. लस अजून नाही. कोणी तुम्हाला लस किंवा काढा विकत असेल तर तो खोटं बोलतो आहे.

दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. कल्पना लुथरा यांनी लहान मुलांवर काम केलं आहे, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे. भारतात जो विषाणू पसरला आहे तो मुख्यतः 'सी' उपप्रकारचा. त्याची लागण झालेल्या मुलांच्या रक्तात त्यांच्या गटाने अशी प्रतिपिंडं शोधली, आणि एका मुलाच्या रक्तातून एक वेगळं काढलं. 2019 साली त्याची माहिती छापून आली. नाव एम्स-पी01. मोठ्या माणसाच्या शरीरात असं प्रतिपिंड घडायला कितीतरी वर्षं आणि कितीतरी बदल लागतात, मुलांत ते कमी बदलांत घडतं. नैरोबीच्या एका तान्ह्या बाळाच्या रक्तातही असंच प्रतिपिंड सापडलं, लागणीनंतर साधारण वर्षभरातच. त्यावर सिएटलच्या ज्युली ओव्हरबॉ यांच्या गटाने काम केलं. मुलांचं शरीर हे इतकं लवकर कसं शिकतं, हे कळलं तर लस कशी बनवायची याची वाट दिसेल, म्हणून शास्त्रज्ञ मुलांकडे पाहत आहेत.

आमचा नातू त्या वेळी माझ्या मांडीवर निजलेला होता. एम्समधलं ते मूल नावाने कोणाला माहीत नाही, नुसत्या क्रमांकाने ओळखलं जातं. त्याला जे झालं ते आमच्या पोराचं टळलं. आणि त्याच्याच रक्तातून काहीतरी मिळालं जे उद्या दुसऱ्याचं टाळेल. मी शास्त्र शिकवताना शास्त्रज्ञांची नावं पाठ करून घ्यायचो. रक्त देणाऱ्यांबद्दल मी कधी एक ओळ शिकवली नाही.

आता सेवेतल्या उणिवा.

बाकडं. केंद्राचं बाकडं उघड्या वऱ्हांड्यात आहे, क्ष-किरण विभागाकडे जाणाऱ्या वाटेवर. डोक्यावर मोठ्या अक्षरांत पाटी. आत इतकी गुप्तता राखतात आणि बाहेर माणूस तासभर गावाच्या नजरेसमोर. एकदा आमच्या शेजारगावचा एक ओळखीचा भेटला, "गुरुजी, तुम्ही इथे?" म्हणाला. सूनबाईने पदर पुढे ओढला. मी म्हटलं, रक्तदाब दाखवायला आलो. खोटं बोललो. बाकडं आतल्या बाजूला वळवलं, मधे एक पडदा लावला, तरी पुरे आहे. मी लेखी अर्ज दिला आहे, अजून काही झालेलं नाही.

कार्डाचा निकाल. प्रत्येक वेळी महिना, एकदा दीड महिना. तेवढ्यात आईचं दूध आटतं की काय असं होतं. हा दोष ताईंचा नाही हे मला कळतं, पण बसणाऱ्याला ते दिवस काढावे लागतात. तिसरं म्हणजे समुपदेशक एकच. त्या रजेवर असल्या की रक्त घेतलं जातं, समजावलं जात नाही. आणि वरच्या सव्वा तासाशिवाय ते रक्त काय कामाचं, हे मी त्या लाल कागदावरून सांगतो.

चांगल्यातली आणखी एक गोष्ट लॅबमधल्या तंत्रज्ञ दादांची. सहाव्या महिन्यात पट्टीवर रेघ दिसली, बाराव्या महिन्यात दिसली ती मला फिकट वाटली. मी चष्मा पुसून म्हटलं, दादा, ही तर निम्म्यावर आली. दादा म्हणाले, "गुरुजी, रेघेच्या रंगावरून काही मोजायचं नसतं. आहे किंवा नाही, एवढंच." मला दिलासा द्यायला ते हो म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. दोन्ही वेळा कार्ड पाठवलं, दोन्ही वेळा निगेटिव्ह.

वर्ष झाल्यावर बाळाचं अंगावरचं दूध सोडवलं. तोवर आजीच्या हातची कळण्याची भाकरी दुधात कुस्करलेली तो मिटक्या मारत खात होता. अठरा महिने भरले ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आसपास. सूनबाईला माहेरी झोक्यावर जायचं होतं, ती म्हणाली आधी हे होऊ द्या. दादांनी बोट टोचलं, बाळ किंचाळलं, आणि पट्ट्या ट्रेमध्ये ठेवल्या. शेवटच्या दाखल्याला तीनही किट लावतात. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतो, सूनबाई पट्ट्यांकडे. ताई आपल्या टेबलावरून उठून येऊन उभ्या राहिल्या, त्यांचं काही काम नव्हतं तिथे. वेळ भरली. तिन्हींवर एकच रेघ, पट्टी चालते हे सांगणारी. आईची शिदोरी संपली होती. सूनबाई खाली बसली आणि ताईंनी तिला उठवलं नाही, त्याही खाली बसल्या.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सकाळी लवकर जा, दुपारनंतर गर्दी आणि घाई दोन्ही वाढतात. बाळाचं लसीकरणाचं कार्ड आणि आधीचे सगळे कागद न्या. गरोदर बाईबरोबर नवऱ्यानेही तपासून घ्यावं. बाळाची तपासणी बाहेर कुठे करू नका, केलीच तर कागद हातात आल्या आल्या केंद्रात जा, रात्र घरी काढू नका. जाता येत नसेल तर 1097 हा सरकारी फोन आहे, फुकट आहे. गोळ्या चालू असलेल्या माणसाचा विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून त्याच्याकडून जोडीदाराला लागण होत नाही. हे आम्हाला ताईंनी सांगितलं तेव्हा मुलाने पहिल्यांदा मान वर केली.

बाळाची फाइल आता बंद झाली.  सूनबाईची आणि मुलाची फाइल चालू आहे, गोळ्या आता तीन-तीन महिन्यांच्या एकदम मिळतात. पुढची तारीख कानबाईच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रावणातल्या सणाच्या आठवड्यात आली होती. ताईंनी विचारून ती दोन दिवस अलीकडे घेतली, म्हणजे रोट घरी करता येतील.